क्लोंडाइकचा उन्हाळा: सोन्याच्या आधी आणि नंतर

कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉन प्रदेशातल्या डॉसन गावाभोवतीच्या ओढ्यांवर आजही दर मे महिन्यात माणसं परततात. बर्फ सुटतं, पंप सुरू होतात आणि पाणी पुन्हा गोठेपर्यंत सोन्यासाठी गाळ धुण्याचं काम चालतं. यातल्या बऱ्याच खाणी लहान, घरच्याच माणसांनी चालवलेल्या. क्लोंडाइक, म्हणजे हाच सोन्याचा मुलूख, म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बर्फाच्या चढावर ओझी वाहणारी माणसांची रांग येते, कारण तीच छायाचित्रं सगळीकडे छापली गेली. पण इथलं सोनं हाती लागायचं ते उन्हाळ्यात. आणि तो उन्हाळा सोनेवाल्यांच्या आधी दुसऱ्या कुणाचा तरी होता.

नावच पाहा. इथले मूळ रहिवासी, हान भाषा बोलणारे ट्रॉन्डेक ह्वेचिन, इथल्या क्लोंडाइक नदीला ‘ट्रॉन्डेक’ म्हणत. त्याचा अर्थ साधारण ‘ठोकायच्या दगडाचं पाणी’. उन्हाळ्यात सामन मासे समुद्राकडून युकॉन नदीतून वर चढत. तेव्हा ही माणसं क्लोंडाइकच्या मुखाशी दगडांनी खुंट ठोकून मासे अडवायला बांध घालत, मासे चिरून वाळवत आणि हिवाळ्याची बेगमी करत. बाहेरून आलेल्यांच्या तोंडी त्या शब्दाचं क्लोंडाइक झालं. जगभर सोन्याशी जोडलं गेलेलं हे नाव मुळात मासेमारीच्या हत्याराचं आहे.

सोनं सापडलं तेही सामनच्याच दिवसांत. १८९६ च्या उन्हाळ्यात जॉर्ज कारमॅक, त्याची टॅगिश या आदिवासी जमातीतली बायको केट, तिचा भाऊ केश आणि भाचा का गूख हे नदीच्या मुखाशी मासे धरायला मुक्काम करून होते. केशला बाहेरचे लोक स्कूकम जिम म्हणत आणि का गूखला डॉसन चार्ली. ऑगस्टच्या मध्यावर रॅबिट क्रीक या ओढ्यात त्यांना सोनं दिसलं आणि त्याच ओढ्याचं पुढे बोनान्झा झालं. ते आधी कुणी पाहिलं यावर वाद आहे. कारमॅक स्वतःचं नाव सांगे, टॅगिश घरांमध्ये केशचं किंवा केटचं नाव घेतात. पहिल्या शोधाचा क्लेम, म्हणजे ती जागा खणायचा नोंदवलेला हक्क, मात्र कारमॅकच्या नावावर लागला. आदिवासी माणसाच्या नावावर तो मान्य होणार नाही, असं त्याने केशला पटवलं होतं.

यानंतरचं सगळं काम जमिनीच्या स्वभावाने ठरवलं. इथली जमीन वर्षभर आतून गोठलेली असते. सोनं खाली, मूळ खडकाला चिकटून. म्हणून हिवाळ्यात रात्री खड्ड्यात लाकडं पेटवायची, सकाळी वितळलेला थर खणायचा आणि रहाटाने बादली वर ओढायची. महिनोन्‌महिने असं चालल्यावर तोंडाशी गाळाचा ढीग उभा राही. त्यात किती सोनं आहे, हे कुणालाच नक्की ठाऊक नसे. पाणी सुटेपर्यंत तो माणूस श्रीमंत की कफल्लक, हे ठरतच नसे. ती वाट पाहणं कसं असेल, याचा विचार केला की मला त्या बर्फातल्या रांगेपेक्षा हे जास्त अवघड वाटतं.

मे महिन्यात ओढे वाहू लागले की लाकडी पन्हळी मांडल्या जात. त्यांना लागणाऱ्या फळ्यांसाठी एक जण ओंडक्यावर आणि एक खाली उभा राहून करवत ओढायची, खालच्याच्या डोळ्यांत भुसा. या कामावरून जिवलग भागीदारांचीही भांडणं होत. पन्हळीच्या तळाला आडव्या पट्ट्या असत. वरून पाणी सोडून गाळ लोटला की माती-वाळू वाहून जाई आणि जड सोनं पट्ट्यांच्या मागे बसे. काही दिवसांनी पाणी कमी करून पट्ट्या उचलायच्या. तळाशी काळी, लोखंडी वाळू आणि तिच्यात सोन्याचे दाणे. ती परातीत घेऊन हलकेच फिरवायची, चुलीवर वाळवायची, राहिलेली वाळू फुंकरीने उडवायची. बारीक कण पाऱ्याने धरायचे. आपल्याकडे सराफांच्या आळीतली धूळ धुऊन सोनं काढणाऱ्या झारेकऱ्यांना यातली प्रत्येक हालचाल ओळखीची वाटली असती.

पाणी आहे तोवर थांबणं परवडत नसे. डॉसन ६४ अंश उत्तरेला आहे. जूनमध्ये तिथे सूर्य जेमतेम मावळतो, अंधार असा पडतच नाही, म्हणून पाळ्या लावून रात्रीही फावडी चालत. डासांपासून वाचायला तोंडावर जाळी आणि शेजारी ओल्या पाल्याची धुनी. जेवायला बीन्स, बेकन आणि आंबवलेल्या पिठाचा पाव. नदी गोठताना आणि फुटताना दोन्ही पाहिलेल्या जुन्या माणसाला त्या पिठावरूनच ‘सावरडो’ म्हणत, नवख्याला ‘चीचाको’. सुट्टी रविवारची, तीही घोडेस्वार पोलिसांच्या धाकाने. त्या दिवशी लाकडं फोडणंही गुन्हा होता.

१८९७ च्या जुलैमध्ये सोनं घेऊन जहाजं सॅन फ्रान्सिस्को आणि सिॲटलला लागली आणि सुमारे एक लाख माणसं निघाली. त्यातली तीस-चाळीस हजार पोहोचली. १८९८ च्या मे महिन्याअखेर वाटेवरच्या बेनेट सरोवराचं बर्फ फुटलं, तेव्हा ७,००० हून अधिक होड्या डॉसनकडे सुटल्या. तोवर चांगले ओढे दोन वर्षांपूर्वीच वाटले गेले होते. बहुतेकांच्या वाट्याला दुसऱ्याच्या क्लेमवर मजुरी आली, आणि दलदलीवर वसलेल्या गावात त्या उन्हाळ्यात टायफॉइड. पुढच्या वर्षी अलास्कात नोमला सोनं निघाल्याची बातमी येताच हजारो जण तिकडे गेले. मग कंपन्या आल्या आणि प्रचंड ड्रेजर, म्हणजे गाळ उपसणारी यंत्रं, १९६६ पर्यंत दऱ्या उपसत राहिली. त्यांनी मागे टाकलेले गोट्यांचे लांबलचक ढिगारे आजही तिथे आहेत.

नदीच्या मुखाशी सामन धरणाऱ्यांचं काय झालं? त्यांचे प्रमुख आयझॅक यांनी आपल्या माणसांना नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइड गावी नेलं आणि गाणी-नाच गोंगाटात हरवू नयेत म्हणून अलास्कातल्या नातलगांकडे ठेवायला दिले. ती गाणी आता परत आली आहेत. मूसहाइडला एक वर्षाआड उन्हाळी मेळावा भरतो, तिथे ती गायली जातात. २०२२ च्या २१ जूनला खाणकामात गोठलेल्या मातीतून मॅमथचं जवळजवळ अख्खं पिल्लू निघालं, तेव्हा त्याचं नाव ट्रॉन्डेक ह्वेचिन ज्येष्ठांनी ठेवलं: नुन चो गा, मोठं बाळ जनावर. पुढच्याच वर्षी युनेस्कोने ट्रॉन्डेक-क्लोंडाइकला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात वसाहतीने या लोकांचं काय केलं याचीही नोंद आहे.

सामन मात्र घटलेत. २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडाने युकॉन नदीतल्या चिनूक जातीच्या सामनची मासेमारी सात वर्षं, म्हणजे माशाच्या एका पूर्ण जीवनचक्राइतकी, थांबवण्याचा करार केला. ओढ्यांवर मे महिन्यात पंप सुरू होतात, आणि जुलैत वाळवणीच्या कितीतरी मांडवांवर काहीच टांगलेलं नसतं.