नऊ एक, एक डहाणूकर

12345678987654321. एकापासून नऊपर्यंत चढायचं आणि त्याच पायऱ्यांनी उतरायचं. ही सतरा आकडी संख्या 'गणिताचा चमत्कार' म्हणून मोबाइलवर अधूनमधून फिरत असते. तिच्याशी डहाणूच्या एका माणसाचं नाव जोडलेलं आहे, हे मात्र त्या मजकुरात सहसा नसतं. डहाणू म्हटलं की आपल्याला फक्त चिकू आठवतात.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म तिथला, 17 जानेवारी 1905चा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, ज्योतिषाचा नाद असलेले. म्हणजे घरात आकडेमोड होतीच. शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्याला फर्ग्युसनमध्ये. 1927 साली त्यांना रँगलर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. परांजपेही कोकणातलेच, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. कापरेकरांचं शिक्षण बी.एस्सी.वर थांबलं आणि 1930 ते 1962 ते देवळालीला शाळामास्तर होते. संशोधन फावल्या वेळात, स्वतःच्या हौसेनं.

या संख्येच्या घराण्याला त्यांनी नाव दिलं 'डेम्लो'. जीआयपी रेल्वेच्या ज्या स्टेशनात कल्पना सुचली, त्याचं हे नाव. म्हणजे आजची डोंबिवली. (त्या फलाटावर आज उभं राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ.)

डेम्लो संख्या ओळखायची खूण सोपी आहे: दोन्ही टोकं एकमेकांत मिळवली की मधला अंक हाती येतो. 2553 घ्या, 2 आणि 3 मिळून 5. आपल्या संख्येत 9च्या डावीकडे 12345678, उजवीकडे 87654321. बेरीज करा: 99999999, म्हणजे मधल्या 9चीच रांग.

कापरेकरांनी आणखी एक जात शोधली, 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी. जिला स्वतःच्याच अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या. इथे अंकांची बेरीज 81, आणि 81नं भागल्यावर उरतो 12345679चा वर्ग. बाकी शून्य. त्या 12345679मध्ये 8 तेवढा गळालेला, हे मला अजूनही गमतीचं वाटतं. 12345679 म्हणजे 37 गुणिले 333667, आणि हे दोन्ही अविभाज्य. बाहेर कापरेकरांचं नाव झालं ते मार्टिन गार्डनर यांनी 1975 साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर. तेही मुख्यतः 6174 या 'कापरेकर स्थिरांका'मुळे. डेम्लो मागेच राहिली.

आता चमत्काराचं. ही संख्या नऊ एकांचा, म्हणजे 111111111चा, वर्ग आहे. गुणाकार जुन्या पद्धतीनं कागदावर मांडा. नऊ ओळी, सगळ्या एकांच्याच, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मधल्यात नऊ, मग पुन्हा कमी कमी. बेरजेत हातचा कुठेच येत नाही, म्हणून जिना सरळ दिसतो. दहा एक घेऊन पाहा. मधल्या रकान्यात 10 येतात, हातचा डावीकडे सरकतो आणि उत्तर निघतं 1234567900987654321. उतरण शाबूत, चढणीतला 8 नाहीसा.