काजूच्या कारखान्यात तुकडा का वाढतो?

वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या काजू कारखान्यांत सोलणीची, म्हणजे गरावरची पातळ साल काढायची, मजुरी बऱ्याचदा किलोवर ठरते. मालकांची तक्रारही ठरलेली: दर वाढवला की किलो वाढतात, पण तुकडा, म्हणजे फुटलेला गर, तोही वाढतो. मग ‘बायकांचं कामात लक्ष नाही’ असा निकाल लागतो. लक्ष असतं, पण ते वजनकाट्यावर असतं. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम या अर्थशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये हे गणितानं दाखवलं होतं. कामाला दोन बाजू असल्या आणि पैसे एकीचेच मिळत असले, की दुसरीकडे दुर्लक्ष होतं.

काजूची प्रत गरांच्या आकारावर ठरते: डब्ल्यू 320 ही प्रत म्हणजे एका पौंडात, 454 ग्रॅममध्ये, 300 ते 320 अख्खे गर. तोच गर फुटून पाकळी झाला की बाजारात भाव पडतो, काट्यावर मात्र काहीच कळत नाही. म्हणून अख्खा आणि तुकडा वेगळा तोलावा. मूळ दर आहे तसाच ठेवून अख्ख्यावर वर काही द्यावं. तुकड्याबद्दल मजुरी कापायची पद्धत मात्र सोडावी, कारण तुकड्याचा दोष नेहमी सोलणारीचा नसतो. गर पुरता वाळला नसेल तर साल चिकटून राहते, सुरीनं खरवडावी लागते आणि गर दुभंगतो. जास्त तापला तर ठिसूळ होऊन बोटांतच मोडतो. दोन्ही चुका ड्रायरवरच्या.

उपाय साधा आहे. प्रत्येक ट्रेवर ड्रायरच्या खेपेचा नंबर खडूनं लिहायचा. एका खेपेचा तुकडा सगळ्याच टेबलांवर वाढला तर ड्रायर तपासा. एकाच टेबलावर वाढला तर त्या बाईशेजारी जुनी, हात बसलेली सोलणारी दोन दिवस बसवा. आकडा त्याच संध्याकाळी, जिचा तिला सांगा. हॅकमन आणि ओल्डहॅम या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी कामाचा हुरूप ज्या गोष्टींवर ठरवला, त्यांत आपलं काम कसं झालं हे कळणं ही एक आहे. नावांची क्रमवारी फळ्यावर लावू नये. एकाच वाडीतल्या बायकांत त्यानं फक्त कुरबुर वाढते.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसीच्या 1971 च्या प्रयोगात कोडी सोडवायचे पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांचा, पैसे थांबल्यावर, कोड्यांतला रस घटला. ते वाचून ‘पैशानं उत्साह मरतो’ असं सांगणारे भेटतात. सोलणीला ते लावू नये. कोडी मुळात मजेची होती. दिवसभर साल काढण्यात कसली मजा?

उशिरा होणारा पगार, मंद उजेड, बाथरूमची गैरसोय, कटिंगला, म्हणजे टरफल फोडताना, हातमोजे नसल्यानं टरफलाच्या तेलानं भाजलेली बोटं: मानसशास्त्रज्ञ हर्झबर्गच्या मांडणीप्रमाणे या गोष्टी सुधारल्या की नाराजी जाते, हुरूप येतोच असं नाही. पण त्या न सुधारता बोनस जाहीर करणं फुकट.

राहिली रजा. भातलावणीला आणि गणपतीला कोकणात कुठलाही हजेरी बोनस चालत नाही, तेव्हा तो ठेवूच नये. मे महिन्यातच बायकांना बसवून कोण कधी नसेल ते त्यांनाच ठरवू द्यावं आणि मालाच्या ऑर्डरी त्या हिशेबानं घ्याव्यात.