भिंत रंगवता रंगवता मन हलकं होतं ते कसं?

लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठाला, पार्लमेंटच्या बरोबर समोर एक लांबलचक भिंत आहे, तिच्यावर लाल बदाम काढलेत, कोविडमध्ये गेलेल्या प्रत्येक माणसासाठी एक. २०२१ मध्ये मार्करने काढलेले ते बदाम उन्हापावसात फिके पडायला लागले, तर आता घरचं माणूस गमावलेलेच काही जण दर आठवड्याला तिथे जमतात आणि टिकाऊ रंगाने एकेक बदाम परत भरतात, पुसट झालेली नावं परत लिहितात. मला तर वाटतं खरा आधार त्या चित्रापेक्षा या जमण्यात आहे.

दुःखात माणूस एकटा पडतो, बोलायचं असतं पण समोर बसून बोलवत नाही. हातात ब्रश असला, नजर भिंतीकडे असली, की बाजूच्या अनोळखी माणसाशीही आपोआप बोललं जातं.

शरीरावर काय होतं तेही बघितलंय. अमेरिकेत २०१६ च्या एका अभ्यासात ३९ जणांनी ४५ मिनिटं चित्र, चिकणमाती, कोलाज असं काहीतरी केलं, साधारण ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, कमी झालं आणि आधी चित्रकला येत होती की नाही याने फरक पडला नाही. अर्थात तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे एवढ्यावरून फार मोठं काही बोलू नये, आणि ज्याला डॉक्टर, औषध लागतं त्याला ते लागतंच.

अमेरिकेतल्याच फिलाडेल्फिया शहराचा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथे १९८४ पासून म्युरल, म्हणजे भिंतीवरची मोठी चित्रं, काढतात. चित्र आधी पॅराशूटच्या पातळ कापडाच्या तुकड्यांवर आखतात, कुठे कुठला रंग त्याचे नंबर टाकतात, म्हणजे ज्याला शिडी चढता येत नाही, हात थरथरतो, तोही टेबलावर बसून रंगवू शकतो, आणि मग ते तुकडे भिंतीवर चिकटवतात. शहराच्या मानसिक आरोग्य खात्याबरोबरच्या उपक्रमात मानसिक आजारावर, व्यसनावर उपचार घेणारे आणि आसपासचे रहिवासी एकत्र बसून हे करतात. येल विद्यापीठाच्या टीमने त्याचा अभ्यास केला तेव्हा म्युरलजवळ राहणाऱ्यांमध्ये शेजाऱ्यांवरचा भरवसा वाढलेला दिसला आणि मानसिक आजार असलेल्यांकडे बघायची नजरही थोडी निवळली होती, म्हणजे ज्यांनी ब्रश हातात धरलाच नव्हता त्यांच्यापर्यंतही काहीतरी पोचलं होतं.