मीटर शून्य का दाखवत नाही?
(तारापूर–बोईसर भागात आमच्याकडून गॅमा सर्व्हे मीटर भाड्याने नेणाऱ्यांसाठी)

मीटर चालू केलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. जमिनीतलं पोटॅशियम, युरेनियम, थोरियम आणि वरून येणारे वैश्विक किरण यांचा गॅमा (डोळ्यांना न दिसणारा, आरपार जाणारा किरणोत्सार) सगळीकडे असतोच. आपला काळा कातळ या बाबतीत गरीब, म्हणून इथे उघड्यावर तासाला साधारण ०.०५ मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट म्हणजे शरीराला मिळणारी किरणोत्साराची मात्रा मोजायचं एकक, मायक्रो म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग) दिसतं. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावरच्या थोरियमवाल्या मोनाझाइट वाळूवर हेच मीटर कितीतरी पट जास्त दाखवेल, आणि ती वाळू निसर्गाचीच.

तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. कमी आणि मध्यम पातळीचा घन कचरा तिथे आवारातच काँक्रीटच्या खंदकांत आणि 'टाइल होल' म्हणतात त्या उभ्या नळ्यांत पुरतात. त्यातलं सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य तीस वर्षांत निम्मं होतं. ३०० वर्षांत दहा वेळा निम्मं, म्हणजे उरतो हजारावा हिस्सा. अशा जागांवर देखरेख ३०० वर्षांची धरतात, ती या हिशेबाने.

परिसराची अधिकृत मोजणी आमची नव्हे. ती भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा करते. त्यासाठी टीएलडी (मात्रा साठवून ठेवणारी मापकं) लावतात: डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या. तीन महिने एकाच जागी ठेवायच्या, मग तापवायच्या. जो प्रकाश बाहेर पडतो त्यावरून साठलेली मात्रा कळते. आमचं मीटर त्या क्षणाचा आकडा सांगतं, चकती तिमाहीची बेरीज.

मागच्या पावसाळ्यात एका ग्राहकाचा रात्री फोन आला: "साहेब, आकडा दुपटीला टेकलाय." विचारलं, पाऊस पडतोय का? जोराची सर नुकतीच येऊन गेली होती. हवेतल्या रेडॉन या नैसर्गिक किरणोत्सारी वायूपासून बनलेलं शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ पाऊस खाली आणतो. दोन्ही अर्ध्या तासाच्या आत निम्मी होतात, म्हणून सर थांबल्यावर दोन-तीन तासांनी पुन्हा मोजायला सांगितलं. आकडा जागेवर आला होता.

दुसरी गफलत बेरजेची. घरात ग्रॅनाइटच्या ओट्याजवळ ०.१२ दिसलं, वर्षाच्या ८,७६० तासांनी गुणलं, १.०५ मिलिसिव्हर्ट (१ मिलि म्हणजे १,००० मायक्रो) आले आणि 'मर्यादा ओलांडली' म्हणून घाबरगुंडी. सामान्य नागरिकासाठीची वर्षाला १ मिलिसिव्हर्टची मर्यादा नैसर्गिक किरणोत्साराच्या *वर* धरतात, आणि ओट्याचा गॅमा नैसर्गिकच.

म्हणून एकट्या आकड्यावर जाऊ नका. जागा ठरवा, मीटर जमिनीपासून एक मीटर उंच धरा, दहा मिनिटांची सरासरी घ्या (क्षणाक्षणाला आकडा उड्या मारणारच) आणि तारीख, वेळ, पाऊस वहीत लिहा. दर महिन्याला तीच जागा. सहा महिन्यांची वही आम्हाला एका आकड्यापेक्षा जास्त सांगते.

विहिरीचं पाणी तपासायला मात्र हे मीटर नेऊ नका. ट्रिशियम आणि स्ट्रॉन्शियम-९० ही किरणोत्सारी द्रव्यं गॅमा सोडत नाहीत, म्हणून त्याला दिसत नाहीत; त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.

भंगारवाल्यांसाठी वेगळं: एखाद्या तुकड्याजवळ आकडा एकदम चढला तर तो उचलू नका, फोडू नका. माणसं लांब करा. छोट्या तुकड्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की मारा साधारण चौथाईवर येतो. मग पोलिसांना कळवा आणि आम्हाला फोन करा.

पावसात मीटर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवूनच वापरा. गॅमाला पिशवीची अडचण नाही, सर्किटला पाण्याची आहे.