ग्रह-राशींचे लिंगभेद

फलज्योतिषात राशी, ग्रह व नक्षत्रे यांची पुरुष, स्त्री आणि नपुंसक अशी केलेली विभागणी. जातक (जन्मकुंडलीवरून फल), मुहूर्त (कार्याची शुभ वेळ) व संहिता (पाऊस, शकुन वगैरे सामूहिक फल) या तिन्ही अंगांत ती आढळते, पण तिन्हींकडचे नियम सारखे नाहीत. मेषापासून मोजता विषम (ओज) राशी पुरुष व सम (युग्म) राशी स्त्री, याविषयी मतभेद नाही. ग्रहांबाबत वराहमिहिराच्या बृहज्जातकातील (सहावे शतक) व्यवस्था सामान्यतः प्रमाण मानतात. तीनुसार रवी, मंगळ, गुरू हे पुरुषग्रह, चंद्र व शुक्र हे स्त्रीग्रह, तर बुध व शनी नपुंसक होत. पराशराच्या नावावरील होराशास्त्रातही हीच व्यवस्था आहे. मात्र त्या ग्रंथाचा उपलब्ध पाठ बराच उत्तरकालीन असावा, त्यामुळे त्याच्या आधारे तिचे प्राचीनत्व ठरवता येत नाही. राहू-केतूंविषयी एकवाक्यता नाही.

उगमाचा प्रश्न वादग्रस्त आहे. इ. स. दुसऱ्या शतकातील ग्रीक ज्योतिषी टॉलेमीच्या ग्रंथात राशींचा हाच एकाआड एक क्रम असून चंद्र व शुक्र आर्द्रतेमुळे स्त्री, रवी, मंगळ, गुरू व शनी पुरुष आणि बुध उभयलिंगी मानला आहे. पुराणांत चंद्र हा दक्षाच्या सत्तावीस कन्यांचा पती व शुक्र हा दैत्यांचा गुरू, म्हणजे दोघेही पुरुष. ग्रीकांकडे मात्र चंद्र व शुक्र यांच्या देवता सिलीनी व ॲफ्रोडाइटी या स्त्रिया आहेत. जातकशास्त्राने पुराणांना सोडून या दोघांना स्त्रीवर्गात घातले, हा यवनसंपर्काचा (ग्रीकांशी आलेल्या संबंधाचा) मोठा पुरावा मानावा लागतो. क्रिय, तावुरि, जितुम अशी ग्रीक वळणाची राशिनामे बृहज्जातकात आहेतच. तथापि अशा संज्ञांवरून सगळे जातकशास्त्र उसने ठरवण्यास भारतीय ज्योतिषाचे इतिहासकार शं. बा. दीक्षित यांनी विरोध केला होता. स्फुजिध्वजाच्या यवनजातकाचा (ग्रीक ज्योतिष मांडणाऱ्या संस्कृत ग्रंथाचा) काळ संशोधक डेव्हिड पिंग्री यांनी इ. स. २६९-२७० असा दिला व तो दीर्घकाळ गृहीत धरला गेला. बिल माक यांनी २०१३ मध्ये हस्तलिखितांच्या फेरवाचनातून त्या निश्चितीला धक्का दिला. त्यामुळे ही कल्पना भारतात नेमकी केव्हा आली हे सांगताना आता शतकांचे अंतर मोकळे सोडणेच बरे.

शनीची गोष्ट वेगळी आहे. टॉलेमीकडे तो पुरुष, बृहज्जातकात नपुंसक. हा बदल ग्रीक विवेचनातून निघत नाही. तो भारतीय परंपरेत झालेला किंवा आज लुप्त असलेल्या एखाद्या यवनमतातून आलेला असावा. पहिला पर्याय अधिक संभवनीय वाटतो. बुधाच्या बाबतीतही फरक सूक्ष्म पण महत्त्वाचा आहे: ग्रीकांचा बुध दोन्ही लिंगांत सहभागी आहे, वराहमिहिराचा दोन्हींहून निराळ्या तिसऱ्या वर्गात आहे. काही उत्तरकालीन ग्रंथकारांनी बुधाला स्त्री-नपुंसक व शनीला पुरुष-नपुंसक म्हणून दोन मतांचा मेळ घातलेला दिसतो. बुध व इला यांची कथा (स्त्रीरूप व पुरुषरूप आलटून पालटून धारण करणारी इला, तिचा बुधापासून झालेला पुत्र पुरूरवा, त्याच्यापासून चंद्रवंश) या संदर्भात हटकून सांगितली जाते. ग्रहाचे नपुंसकत्व त्या कथेतून आले असे दाखवणारे वचन मात्र जातकग्रंथांत नाही.

ग्रहाचे लिंग जन्मजात व अचल आहे, असे जुन्या ग्रंथांतून दिसत नाही. टॉलेमीच्या मते सूर्यापूर्वी उगवणारा ग्रह पुरुषत्वाकडे व सूर्यामागून मावळणारा स्त्रीत्वाकडे झुकतो. याहून जुन्या बाबिलोनी परंपरेत इश्तार देवीचा ग्रह शुक्र सायंकाळी स्त्री व पहाटे पुरुष मानल्याचे उल्लेख आहेत. भारतीय गणितात स्थानानुसार लिंग बदलत नाही, बळ बदलते. ओजयुग्मबलात (सम-विषम स्थानावरून मोजलेल्या ग्रहबळात) चंद्र-शुक्रांना सम राशीत किंवा सम नवांशात (राशीच्या नवव्या भागात) आणि इतर पाच ग्रहांना विषमात १५ षष्ट्यंश (बळाच्या एककाचे साठावे भाग) मिळतात. म्हणजे येथे नपुंसक ग्रह पुरुषांच्या पंगतीत बसतात. द्रेष्काणबलात (राशीच्या तिसऱ्या भागावरून, म्हणजे द्रेष्काणावरून, मोजलेल्या बळात) मात्र त्यांची जागा स्वतंत्र आहे. पुरुषग्रह पहिल्या, नपुंसक मधल्या व स्त्रीग्रह शेवटच्या द्रेष्काणात बली, हा क्रम श्रीपतीच्या पद्धतीत येतो. अकराव्या शतकातील हा ज्योतिषी रोहिणीखंडचा. ते गाव बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड असावे. पाराशरी पाठात मधला व शेवटचा वर्ग उलटे आढळतात. श्रीपतीचा क्रम अधिक सुसंगत आहे, कारण त्यात नपुंसक वर्ग दोन टोकांच्या मध्ये राहतो.

बृहज्जातकाच्या स्त्रीजातक अध्यायात लग्न (जन्मवेळी उगवणारी राशी) व चंद्र दोन्ही सम राशीत असलेली स्त्री ‘प्रकृतिस्थिता’, तर दोन्ही विषम राशीत असलेली पुरुषी रूप-स्वभावाची सांगितली आहे. देह एका लिंगाचा व शील दुसऱ्याचे, ही शक्यता ग्रंथकाराला मान्य होती हे यातून स्पष्ट होते. पापग्रहांच्या योगात अशा स्त्रीला लावलेला दोष हा त्या काळच्या समाजाचा निवाडा आहे. राशींच्या मांडणीतून तो निष्पन्न होत नाही. निषेकाध्यायात (गर्भधारणेविषयीच्या अध्यायात) सहा क्लीबयोग (नपुंसकत्व दर्शवणाऱ्या ग्रहस्थिती) दिले असून ते गर्भाविषयी आहेत.

नक्षत्रांची विभागणी स्वतंत्र आहे. पर्जन्यविचारात आर्द्रा ते स्वाती ही १० स्त्री, विशाखा ते ज्येष्ठा ही ३ नपुंसक व मूळ ते मृग ही १४ पुरुष नक्षत्रे धरतात. सूर्य व चंद्र यांच्या नक्षत्रांचा स्त्री-पुरुष योग झाल्यास चांगला पाऊस, दोन्ही स्त्री असता नुसते ढग, नपुंसक योगात वारा, असे ठोकताळे आहेत. मराठी पंचांगांत मृगापासूनच्या नक्षत्रांपुढे वाहनासोबत ‘स्त्री-पु.’ अशी जी टीप छापतात ती याचीच. पुंसवनासाठी (पुत्रप्राप्तीसाठीच्या गर्भसंस्कारासाठी) चंद्र पुरुषनक्षत्री असावा असे पारस्कर गृह्यसूत्र सांगते; तेथे पुनर्वसू, पुष्य, हस्त ही पुरुष ठरतात, जी पर्जन्यविचारात स्त्री आहेत. विवाहमेलनातील योनिकूटाची (नक्षत्रांना प्राणी नेमून देणाऱ्या भागाची) नर-मादी विभागणी या दोन्हींहून तिसरी.

‘पुरुष ऊर्जा’ व ‘स्त्री ऊर्जा’ ही भाषा विसाव्या शतकातील पाश्चात्त्य मानसशास्त्रीय ज्योतिषातून, विशेषतः मानसशास्त्रज्ञ युंगच्या ॲनिमा-ॲनिमस (पुरुषातील स्त्रीअंश व स्त्रीतील पुरुषअंश) कल्पनेच्या प्रभावाने रूढ झाली. युरेनस (१७८१), नेपच्यून (१८४६) व प्लूटो (१९३०) यांना दिलेली लिंगे आधुनिक लेखकांची आहेत. क्लीबयोग किंवा बुध-शनीची युती यांवरून एखाद्या व्यक्तीची लैंगिक ओळख सांगण्याचा अलीकडचा प्रघात मूळ ग्रंथांना धरून नाही आणि माणसांना त्याचा जाच होतो. निषेकाध्यायाच्या आधारे गर्भाचे लिंग सांगण्याची जाहिरात तर कायद्याने गुन्हा आहे: गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात (१९९४, दुरुस्ती २००३) जाहिरातबंदीचे कलम वैज्ञानिक व अन्य अशा सर्व मार्गांना लागू आहे.