तर्री, कोरा चहा आणि आतडं: ही गोष्ट कुठून सुरू झाली

सावजी रस्सा हाणला की आपल्या इकडे कोणीतरी म्हणतंच, कोरा चहा घे लिंबू पिळून, पोट हलकं होते. आता लॅबवालेही यावर काम करून राहिले, पण याच चहाला आधी पोटाचा दुश्मन म्हणायचे, आणि म्हणणारा माणूस आपल्याच वर्धा जिल्ह्यातला रहिवासी. गांधीजी 1936 पासून सेवाग्रामला, नि 1942 मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत आरोग्यावर लिहिताना त्यांनी मांडलं की चामडं कमावायला जे टॅनिन वापरतात तेच चहात असते, ते पोटाच्या अस्तरावरही तसंच काम करते आणि पचन बिघडवते.

तोवर जपानमध्ये मिचियो त्सुजिमुरा या बाईंनी 1929 मध्येच ग्रीन टीतून कॅटेचिन, म्हणजे चहाला तुरटपणा देणारं द्रव्य, वेगळं काढलं होतं. आपली टपरीवरची पत्ती मात्र काळी, पान चुरडून हवेत ठेवलं की कॅटेचिन एकमेकांना जुळून थिआफ्लेविन वगैरे मोठे रेणू बनतात, लालसर रंग त्यांचाच.

आतड्याचा विषय फारच उशिरा आला. 2007 मध्ये बेल्जियमच्या पॅट्रिस कानी यांच्या टीमने दाखवलं की चरबीचा खुराक दिलेल्या उंदरांच्या आतड्यातले जंतू बदलतात आणि जंतूंच्या कवचातला विषारी भाग रक्तात वाढतो, बारीक सूज तिथूनच. मग 2017 मध्ये कॅलिफोर्नियात अशाच उंदरांना कॅफिन काढलेला चहाचा अर्क दिला, तर वजन कमी चरबी खाणाऱ्या उंदरांएवढं आलं, ग्रीन टी असो की काळा! काळ्या चहाचे मोठे रेणू लहान आतड्यात फारसे शोषलेच जात नाहीत, सरळ खाली मोठ्या आतड्यात जातात, तिथले जंतू ते खातात आणि आतड्याला कामाची आम्लं बनवतात.

पण हे उंदीर आहेत भाऊ, नि तो अर्क आहे, आपला अर्धा दूध अर्धी साखर उकळलेला चहा नाही. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन या रेणूंना धरून ठेवते. आणि गांधीजी अगदीच चुकले असं मला वाटत नाही, कारण जेवणासोबत चहा घेतला तर ज्वारी, भाजीतलं लोह अंगी कमी लागते हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून रक्त कमी असलेल्या बायांनी भाकरीनंतर तासभर थांबलेलं बरं.