ठिसूळ नखांसाठी मॅनिक्युअर निवडताना आधी विचारा: हे निघणार कसं?

पाळी जायच्या वयात नखं तुटायला लागली की पहिला सल्ला ठरलेला असतो, "कॅल्शियम कमी झालंय, गोळ्या चालू कर." मैत्रीण सांगते, पार्लरमधली मुलगी सांगते, रील्सवर तर दर दुसरं माणूस सांगतं. आणि ऐकायला ते पटतंही, कारण याच वयात हाडं ठिसूळ होतात हे सगळ्यांना माहिती असतं, मग नखं पण कडकच, म्हणजे त्यांचंही तेच होत असणार असं वाटतं. पण हाड आणि नख या पूर्ण वेगळ्या वस्तू आहेत. हाडाचा कडकपणा कॅल्शियम फॉस्फेटचा आणि नखाचा कडकपणा केराटिन या प्रोटीनचा. नखात कॅल्शियम असतं ते वजनाच्या जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी पाळी थांबलेल्या बायकांना रोज १ ग्रॅम कॅल्शियम किंवा तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी दिली आणि वर्षभराने नखांबद्दल विचारलं, दोन्ही गटांत काही फरक नव्हता. हे २००० साली छापून आलंय, तरी समज जात नाही. नखावरचे पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियमची कमतरता हाही त्याच पठडीतला समज, ते ठिपके बहुतेक वेळा नखाच्या मुळाशी कधीतरी बसलेल्या बारीक माराचे असतात. हाडांसाठी डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं असेल तर ते जरूर घ्या, फक्त नखांचा हिशोब त्यात धरू नका.

मग नखं तुटतात का, आणि अशा नखांवर कुठलं मॅनिक्युअर करावं? ठिसूळ नखांची तक्रार साधारण वीस टक्के लोकांना असते, बायकांना पुरुषांच्या दुप्पट आणि पन्नाशीनंतर जास्तच, त्यामुळे प्रश्न काही छोटा नाही. माझं उत्तर एका ओळीत असं की मॅनिक्युअर लावताना कसं दिसतं यापेक्षा ते काढताना नखाला काय सोसावं लागतं हे बघून निवडायचं. पण हे पटण्यासाठी नखाची रचना बघायला लागेल, आणि ती रचना मला फार म्हणजे फार आवडते म्हणून जरा सविस्तरच सांगते.

नख तयार होतं मुळाशी, कातडीखाली लपलेल्या मॅट्रिक्समध्ये. अंगठ्याच्या नखाखाली पांढरट चंद्रकोर दिसते ना, ते मॅट्रिक्सचंच पुढचं टोक. तिथे पेशी जन्मतात, केराटिनने भरतात, चपट्या होतात, मरतात आणि मागून येणाऱ्या पेशींच्या रेट्याने पुढे सरकत राहतात. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नख बदलायला सहाएक महिने, पायाच्या अंगठ्याला तर वर्ष-दीड वर्ष. म्हणजे टोकाला आज जे फाटतंय ते सहा महिन्यांपूर्वी बनलेलं आहे, आणि तेव्हापासून त्याने जेवढं पाणी, साबण, रिमूव्हर सोसलं ते सगळं त्याच्यात साठलेलं आहे, कारण मेलेल्या पेशी स्वतःला दुरुस्त करत नाहीत. (जाता जाता, "नखांना श्वास घेऊ द्या, मधे मधे नेलपॉलिश लावू नका" हे पण यामुळेच चूक आहे. नख श्वास घेत नाही, मॅट्रिक्सला ऑक्सिजन रक्तातून मिळतो. मधे खंड घेण्याचा फायदा असतो पण तो वेगळ्या कारणाने, पुढे येईलच.)

आता मुख्य गंमत. नख जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, पण त्यात तीन थर असतात. वरचा आणि खालचा थर पातळ, त्यातले केराटिनचे धागे कुठल्याही एका दिशेला नाहीत, वाट्टेल तसे पसरलेले. मधला थर सगळ्यात जाड, आणि त्यातले धागे मात्र शिस्तीत एकाच दिशेला, आडवे, म्हणजे नखाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे. प्लायवूडमध्ये वेगवेगळ्या दिशेच्या रेषांचे पातळ थर एकावर एक चिकटवतात, तसाच हा प्रकार. मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये नखांचे तुकडे कापायला किती ऊर्जा लागते ते मोजलं: आडवं कापायला दर चौरस मीटरमागे सुमारे ३ किलोज्यूल, आणि उभं, म्हणजे टोकाकडून मुळाकडे कापायला, सुमारे ६ किलोज्यूल, दुप्पट! याचा अर्थ असा की टोकाला चीर पडली तर ती मुळाकडे धावत नाही, धाग्यांना धरून आडवी वळते आणि नखाचं टोक तेवढं निघून जातं. खालची नाजूक जिवंत कातडी वाचते. दाताने नख कुरतडणारी माणसं नख आडवं सोलून काढू शकतात ते यामुळेच.

पण ही सगळी व्यवस्था दोन दिशांची आहे, आडवी आणि उभी. तिसरी दिशा राहतेच, थरांच्या मधली. पेशींचे चपटे थर एकमेकांना ज्याने धरून ठेवलेले असतात तो बंध सुटला तर धागे कितीही मजबूत असले तरी उपयोग नाही, टोकाला पापुद्रे सुटतात. बोट उजेडात आडवं धरून नखाचं टोक बघा, कडेला दोन-तीन पातळ पापुद्रे एकमेकांपासून सुटलेले दिसतील, त्यातला वरचा स्वेटरला किंवा केसांत अडकतो आणि आणखी मागे सोलला जातो. पन्नाशीतल्या बहुतेक बायकांची तक्रार ही असते. दुसरा प्रकार उभ्या रेघांचा, त्या रेघांवरून नख टोकाशी चिरतं. त्याचं मूळ टोकात नसून मॅट्रिक्समध्येच असतं, मॅनिक्युअरने तो फार तर झाकला जातो.

पापुद्रे कशाने सुटतात? मुख्यतः पाण्याने, आणि हे बऱ्याच जणींना उलटं वाटतं. नखात चरबी कातडीच्या मानाने फारच थोडी, त्यामुळे पाणी नखातून कातडीपेक्षा खूप सहज आत-बाहेर करतं. भांडी घासली, नखाने पाणी ओढलं, पेशी फुगल्या. हात पुसले, तासाभरात पाणी उडालं, पेशी आकसल्या. दिवसातून दहा-वीस वेळा हे फुगणं-आकसणं झालं की दोन थरांमधल्या जोडावर दर वेळी ताण येतो आणि हळूहळू तो जोड सैल पडतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी नखं वारंवार भिजवून वाळवली तर हेच पापुद्रे प्रयोगशाळेत तयार झाले. नुसती पाण्याची पातळी मोजून मात्र काही कळत नाही. पुस्तकांत कायम लिहिलेलं असतं की ठिसूळ नखात पाणी १६ टक्क्यांच्या खाली जातं, पण २००७ मधल्या एका अभ्यासात ठिसूळ आणि चांगल्या नखांतलं पाणी जवळजवळ सारखंच निघालं, दोन्हीकडे १२ टक्क्यांच्या आसपास. म्हणून मी पाणी किती आहे यापेक्षा ते किती वेळा आत-बाहेर करतं याला जास्त महत्त्व देते.

मेनोपॉज यात कुठे येतो? वयाबरोबर नख वाढायचा वेग कमी होतो, म्हणजे टोकापर्यंत पोचेपर्यंत तोच तुकडा आणखी जास्त दिवस पाणी-साबण सोसतो. इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरलं की कातडी कोरडी होते, तिचं पाणी धरून ठेवणं कमी होतं. आणि नखांच्या तपासणीत असंही दिसलंय की वय वाढेल तसं बायकांच्या नखातलं कोलेस्टेरॉल सल्फेट, म्हणजे पेशींच्या जोडात असणारा एक चरबीचा पदार्थ, कमी होत जातं. थोडक्यात, जोड आधीच कच्चा, त्यात काम तेवढंच. म्हणून तिशीत जे मॅनिक्युअर सहज खपून गेलं ते पन्नाशीत खपत नाही.

आता एकेक प्रकार घेऊ. मॅनिक्युअरची नेहमीची सुरुवात असते कोमट साबणपाण्यात बोटं बुडवून बसण्याने, आणि ठिसूळ नखांसाठी तीच सगळ्यात आधी टाळायची. फुगलेल्या नखावर पॉलिश लावलं तर नख नंतर आकसतं आणि पॉलिशचे टवके उडतात ते वेगळंच. पार्लरमध्ये सरळ सांगायचं, ड्राय मॅनिक्युअर करा, पाणी नको. क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी चिकटलेली पातळ कातडी, कापू द्यायची नाही, कारण नख आणि कातडी यांच्यामधली फट ती बंद ठेवते, कापली की नखुरडं व्हायला वाट मोकळी. तेल लावून हलक्या हाताने मागे सारली तर चालते. नखं आखूड, टोक गोलसर, कारण नख जितकं लांब तितका टोकाला लागलेला धक्का मुळाशी जास्त जोराने पोचतो. फायलर बारीक दाण्याचा किंवा काचेचा घ्यायचा आणि करवतीसारखा पुढे-मागे चालवायचा नाही, एकाच दिशेने. वरून बफरने घासून चकाकी आणणं बंद, अर्धा मिलिमीटर जाडीतलं घालवायला आपल्याकडे काही शिल्लक नाही.

साधं नेलपॉलिश मला या वयात सगळ्यात बरं वाटतं. वाळल्यावर त्याचा जो पातळ पडदा राहतो तो पाण्याची ये-जा थोडी कमी करतो, म्हणजे ते नुसतं रंगकाम नाही, थोडं संरक्षणही आहे. खाली बेस कोट हवाच. त्रास होतो तो काढताना, अ‍ॅसिटोन नखातली उरलीसुरली चरबी विरघळवून नेतं. "अ‍ॅसिटोन-फ्री" लिहिलेल्या रिमूव्हरमध्ये बहुधा एथिल अ‍ॅसिटेट असतं, ते जरा सौम्य, पण विद्रावकच, आणि निघत नाही म्हणून आपण जास्त वेळ घासत बसतो. त्यामुळे आठवड्यातून एकदाच काढायचं, मधे टवका उडाला तर वरून हात फिरवायचा, आणि काढल्यावर लगेच हात धुऊन तेल किंवा युरिया असलेलं क्रीम चोळायचं. खूप आठवडे तसंच ठेवलं तर खाली पांढरे खरखरीत डाग पडतात, लोक त्याला फंगस समजून घाबरतात, पण ते वरवरचं केराटिन उचकटलेलं असतं आणि नख वाढेल तसं निघून जातं. खंड घ्यायचा तो यासाठी.

जेल पॉलिश दिसतं सुंदर आणि दोन आठवडे हलत नाही, पण ज्या गुणाने ते टिकतं त्याच गुणाने ते नखाला बाधतं. यूव्ही दिव्याखाली त्यातले मेथाक्रिलेट या रसायनाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळं तयार होतं, ते सहज विरघळत नाही, मग वरचा थर घासायचा, दहा-पंधरा मिनिटं अ‍ॅसिटोनचा कापूस गुंडाळून ठेवायचा आणि मग खरवडायचं. त्या खरवडण्यात नखाचा वरचा थर जातो. कोपरा सुटलाय म्हणून घरीच ओढून काढणं तर त्याहून वाईट, जिथे जोड आधीच सैल आहेत तिथे जेल आपल्याबरोबर नखाचा पापुद्रा घेऊनच येतं. अ‍ॅक्रिलिक एक्स्टेन्शनमध्ये यात लांबीचा ताण आणि ड्रिल मशीनची भर पडते, आणि डिप पावडर, म्हणजे नख रंगीत पावडरमध्ये बुडवून केलेला थर, निघतं तेही अ‍ॅसिटोननेच. एखाद्या कार्यक्रमासाठी जेल हवंच असेल तर करा, पण एकदाच, ज्यांच्याकडे केलं त्यांच्याकडूनच काढून घ्या, आजूबाजूच्या कातडीला आधी व्हॅसलिन लावून, आणि पुढचे दोन-तीन महिने परत नाही.

जेलच्या यूव्ही दिव्याने कॅन्सर होतो अशी बातमी २०२३ मध्ये खूप फिरली. तो अभ्यास खरा होता, पण बशीतल्या उघड्या पेशींवर केलेला, वीस-वीस मिनिटं दिवा मारून, वर कातडीचं आवरण नाही. काळजी घ्या, बोटांची टोकं उघडी राहतील असे हातमोजे किंवा सनस्क्रीन वापरा, पण मला विचाराल तर त्यापेक्षा मोठा धोका अ‍ॅलर्जीचा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. न वाळलेलं जेल कातडीला लागत राहिलं की शरीराला मेथाक्रिलेटची अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की ती जन्मभराची. हीच रसायनांची जात दातांच्या फिलिंगमध्ये आणि सांधा बदलताना वापरायच्या हाडांच्या सिमेंटमध्येही असते. या दोन्ही गोष्टींची गरज कुठल्या वयात वाढते ते वेगळं सांगायला नको. म्हणून घरच्या घरी जेल किट वापरणं, ज्यात कातडीवर सांडतं आणि छोट्या दिव्यात नीट वाळत नाही, मी कुणालाच सुचवणार नाही.

नेल हार्डनर म्हणजे उपाय असं वाटतं, पण त्यातल्या फॉर्मल्डिहाइडवाल्या प्रकारात केराटिनच्या धाग्यांमध्ये जादा पूल बांधले जातात, नख सुरुवातीला टणक लागतं आणि नंतर लवचिकपणा गेल्यामुळे वाकायच्या ऐवजी कटकन तुटतं. टणक आणि चिवट यात फरक आहे, आपल्याला चिवट नख हवंय.

बायोटिन या बी-गटातल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबद्दल एवढंच, छोट्या अभ्यासांत रोज २.५ मिलिग्रॅमने काहींची नखं सुधारलेली दिसली, पण घेत असाल तर रक्त तपासणीच्या आधी डॉक्टरांना आणि लॅबला सांगाच. थायरॉइडच्या आणि हार्ट अटॅक ओळखायच्या ट्रोपोनिन चाचणीचे आकडे बायोटिनमुळे चुकीचे येऊ शकतात, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने २०१७ मध्ये तसा इशाराच दिलाय. आणि नुसत्या नखांसाठी हार्मोनच्या गोळ्या मागू नका, तो निर्णय इतर त्रास आणि धोके बघून घ्यायचा असतो.

फार पैसे न लागणारा उपाय म्हणजे भांडी-कपडे करताना रबरी हातमोजे, आतून सुती, म्हणजे घामाने परत नख भिजत नाही. मनासारखा फरक दिसायला नवीन नख टोकापर्यंत यावं लागतं, म्हणजे तेच सहा महिने, दोन आठवड्यांत फरक दाखवणाऱ्या जाहिरातींकडे दुर्लक्ष करा.

सगळ्याच नखांचा दोष वयाचा नसतो हेही लक्षात ठेवा. नखं चमच्यासारखी खोलगट झाली तर लोह तपासायचं, थकवा-वजन-केस यांच्या तक्रारी सोबत असतील तर थायरॉइड, एकाच नखात जाडी किंवा पिवळेपणा आला तर फंगस, आणि एकाच नखावर नवीन काळी-तपकिरी उभी रेघ आली, ती रुंद होत चालली असेल, तर वेळ न घालवता त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा. जाताना हाता-पायाच्या वीसही नखांचं पॉलिश काढून जा, कारण दोष एकाच नखात आहे की सगळ्यांत, यावरूनच डॉक्टर पुढचा विचार करतात.